डिस्क कोण चढवतो?

लिनक्स संगणकाला पेन ड्राइव्ह लावला की दोन-तीन सेकंदांत पडद्यावर त्याचे चित्र उमटते. विद्यार्थ्यांना यात विशेष काही वाटत नाही. पण ही सोय आपोआप घडावी की घडू नये, हा प्रश्न सुटायला सुमारे तीस वर्षे लागली.

सुरुवात युनिक्सपासून करू. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही प्रणाली रचायला घेतली. तिच्यात सर्व फायलींचा एकच वृक्ष असतो. नवी डिस्क म्हणजे दुसरे झाड. आंब्याच्या रोपावर कलम बांधावे तसे ते मूळ वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवायचे. या क्रियेला 'माउंट', म्हणजे चढवणे, म्हणतात. थॉम्प्सन आणि रिची यांच्या 1974 च्या लेखात त्यांच्या यंत्राचे वर्णन आहे. त्यावर काढता-घालता येणाऱ्या चकत्यांचे चार छोटे ड्राइव्ह होते आणि एकेका चकतीत 25 लाख बाइट मावत. चकती आधी हाताने यंत्रात बसवायची, मग आज्ञा देऊन वृक्षावर चढवायची. वापरणाऱ्यांच्या फायलींची मोठी डिस्क मात्र यंत्र सुरू होताना प्रणालीच चढवत असे. म्हणजे 'आपोआप'चे बीज तेव्हाच पडले होते. पण फक्त आधीच ठाऊक असलेल्या डिस्कपुरते.

अनोळखी डिस्कचे काय? तेथे दोन धोके होते. पहिला असा की, डिस्कवरील रचना बिघडलेली असेल तर सारी प्रणालीच कोसळे. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतच याची कबुली आहे. दुसरा धोका अधिक सूक्ष्म. युनिक्समध्ये काही प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकाराने चालतात. समजा, कोणी घरच्या यंत्रावर असा प्रोग्राम डिस्कवर तयार करून आणला, तर? डिस्क चढताच पाहुणा घरमालक होऊन बसेल!

लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स जाहीर केले, तेव्हा हीच शिस्त त्यात आली. फ्लॉपी घातल्यावर आज्ञा द्यावी लागे, आणि तो अधिकार सहसा व्यवस्थापकाकडेच असे. व्यवस्थापकाने एका ठरावीक तक्त्यात नोंद करून परवानगी दिली असेल, तरच इतरांना ते जमे.

यूएसबीने ही घडी मोडली. 2000 साली 8 मेगाबाइटचे पेन ड्राइव्ह बाजारात आले. चालू यंत्रात कोणते उपकरण केव्हा येईल, हे आता तक्त्यात आधी लिहिता येईना. म्हणून कामाची वाटणी झाली. उपकरण आल्याची वर्दी प्रणालीचा गाभा देतो. 2003 मध्ये आलेला 'यूडेव्ह' नावाचा प्रोग्राम त्याची ओळख पटवतो. जोडण्याच्या क्रमानुसार उपकरणाचे नाव बदलू शकते. म्हणून डिस्कवरच नोंदलेला ओळखक्रमांक वाचला जातो. पुढे 'यूडिस्क्स' नावाची सेवा, समोर बसलेल्या व्यक्तीला परवानगी आहे का, हे पाहून डिस्क चढवते. मात्र त्या डिस्कवरील प्रोग्रामांना मालकाचा अधिकार वापरण्यास बंदी असते. पाहुण्याला ओसरी मिळते, तिजोरीच्या किल्ल्या नाहीत.

चढवणे आपोआप झाले; उतरवणे मात्र आजही आपल्याला सांगावे लागते. वेग साधण्यासाठी लिनक्स लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. तोवर ड्राइव्ह उपटला, तर फाईल अर्धवट राहते.

हे वर्गात दाखवता येईल. दिवा असलेला पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर मोठी फाईल उतरवा आणि पडद्यावर 'काम झाले' असे दिसल्यावर दिव्याकडे पाहायला सांगा. तो बहुधा अजून लुकलुकत असेल. मग मुलांना विचारा: काम खरोखर केव्हा पूर्ण झाले म्हणायचे?