परसोजींचा मृत्यू आणि आप्पासाहेब भोसले

१. परसोजींचा मृत्यू : आप्पासाहेब (दुसरे मुधोजी) हे नागपूरकर दुसऱ्या रघूजींचे पुतणे. मार्च १८१६ मध्ये रघूजी वारले आणि पुत्र परसोजी गादीवर आले. ते दुबळे व आजारी असल्याने कारभार कोणी पाहायचा, यावरून वाड्यात तट पडले. एकीकडे रघूजींच्या पत्नी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे आप्पासाहेब. सत्ता टिकवण्यासाठी आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते.

या प्रकरणातील मध्यरात्रीची मसलत आणि आप्पासाहेबांचा पश्चात्ताप ही कादंबरीकाराची निर्मिती आहे. इंग्रजांनी आप्पासाहेबांवर परसोजींच्या खुनाचा ठपका ठेवला तो त्यांच्याशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर (२६-२७ नोव्हेंबर १८१७). पुढे मे १८१८ मध्ये अलाहाबादच्या वाटेवर आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. नागपुरात मात्र इंग्रजांनी बाकाबाईंच्या संमतीने तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवले.

आप्पासाहेब निर्दोष होते, असे यावरून ठरत नाही. परंतु आरोप नोंदवणारे हेच लढाईतले विजेते होते, हे ध्यानात ठेवूनच वाचकांनी हे प्रकरण वाचावे. — संपा.