मालवणच्या पाण्याखालचे जग : स्कूबा डायव्हिंगची ठिकाणे आणि घ्यावयाची दक्षता

वर्धा, प्रतिनिधी - समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात पाण्याशी पहिली ओळख होते ती पवनारच्या धाम नदीपात्रात किंवा सेलू तालुक्यातील बोर धरणाच्या काठी. कोकणात सहलीला जाणाऱ्या येथील पर्यटकांसाठी समुद्राच्या तळाचे दर्शन हे म्हणूनच मोठे आकर्षण ठरते. मात्र नदीत पोहणे आणि समुद्रात बुडी मारणे यांत मूलभूत फरक असून, तो समजून घेतल्याखेरीज पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

सागरी अभयारण्य

राज्यातील स्कूबा डायव्हिंगचे प्रमुख केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली परिसर होय. मालवणच्या समुद्राला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून, त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या सभोवतालचे बुडालेले खडक या गाभ्यात येतात. उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला होता. आज त्याच किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे पर्यटनावर चरितार्थ चालवीत आहेत.

कोठे काय पाहावे?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे पाणी उथळ असल्याने नवख्यांना बहुधा येथेच उतरविले जाते. खडकांवर वाढलेले प्रवाळ, पोपट मासे व फुलपाखरू मासे येथे आढळतात. दक्षिणेकडील निवती व वेंगुर्ला रॉक्स परिसरात पाणी अधिक खोल असून तो अनुभवी पाणबुड्यांचा प्रांत आहे. वेंगुर्ला रॉक्समधील गुहांत पाकोळ्यांची घरटी असल्याने तेथील शांतता जपणे अगत्याचे ठरते. नौदलाने १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त केलेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका निवतीनजीक सागरतळी संग्रहालय व कृत्रिम प्रवाळ उभारण्यासाठी २०२५ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असलेली आंग्रिया बँक ही सागरतळातून उंचावलेली प्रवाळसमृद्ध टेकडी आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेल्या या टेकडीचा माथाही पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली असल्याने हौशी पर्यटकांच्या ते आवाक्यातील ठिकाण नव्हे. शेजारी राज्यांत गोव्याचे ग्रँड बेट आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी ही ठिकाणे परिचित आहेत.

बोनेरचा धडा

कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाने १९७९ मध्येच किनाऱ्यालगतचे संपूर्ण पाणी सागरी उद्यान म्हणून राखून ठेवले. तेथे प्रवाळावर नांगर टाकण्यास मनाई असून, नौका कायमस्वरूपी बोयांना बांधल्या जातात. पर्यटकांकडून घेतलेले शुल्क उद्यानाच्या देखभालीसाठी वापरले जाते. प्रवाळ टिकला तरच व्यवसाय टिकेल, हे सूत्र मालवणलाही तितकेच लागू आहे.

दाबाचे गणित

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर श्वासात घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुपटीने प्रसरण पावते. त्यामुळे श्वास रोखून वर आल्यास फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये, हा या क्रीडेचा पहिला नियम आहे. कानात दडा बसल्यास नाक दाबून हळुवार हवा सोडावी. तरीही दुखत असल्यास प्रशिक्षकाला खूण करून वर यावे.

प्रशिक्षकाने हात धरून घडविलेली अर्ध्या तासाची सफर म्हणजे प्रशिक्षण नव्हे. अधिकृत प्राथमिक अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे आणि खुल्या पाण्यातील चार बुड्या यांचा समावेश असतो. त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्ली येथे आहे.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते मे हा हंगाम असून, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी सर्वाधिक नितळ असते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. दमा, हृदयविकार, फेफरे वा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच गरोदर महिलांनी हा मोह टाळावा. एका बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास करू नये. गोव्याहून विमानाने नागपूर गाठणाऱ्यांनी परतीचे तिकीट काढतानाच हे ध्यानी घ्यावे. कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक मालवणपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे.

२४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. धोका केवळ पाण्याखाली नसतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. नौकेत प्रवाशांची गर्दी असेल किंवा लाइफ जॅकेट मिळत नसेल, तर पैसे भरलेले असले तरी किनाऱ्यावरूनच माघारी फिरावे. आणि पाण्यात उतरल्यावर प्रवाळाला हात लावू नये. तो दगड नसून सजीव आहे आणि त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच होते.