अंधांची सुतारशाळा

दिवाळीच्या तोंडावर दाराखिडक्यांच्या डागडुजीला सुतार घरी आला, की रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्यांसाठी मुलांची झुंबड उडते. त्या गडबडीत त्याची एक लकब मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. फळी रंधून झाली, की तो ती नाकासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि दुसऱ्याने तिच्या कडेवरून लांबवर पाहतो. कड सरळ की वाकडी, याचा निवाडा तो एकटा डोळा करतो. मग ज्याचे दोन्ही डोळे गेले, त्याच्या हाती रंधा द्यायचा कोणी?

१९१५ साली लंडनमध्ये हा प्रश्न खरोखरीच उभा राहिला. महायुद्धातून दृष्टी गमावलेले तरुण शिपाई मायदेशी परतू लागले होते. आंधळ्याने टोपल्या विणाव्यात, चटया कराव्यात, आणि तेही न जमले तर दयाळू माणसांच्या तोंडाकडे बघत दिवस काढावेत, अशी तिथेही समजूत होती. विशीतल्या पोराने पुढची चाळीस-पन्नास वर्षे अशी काढायची!

हे ज्याला साफ नामंजूर होते, तो गृहस्थ म्हणजे आर्थर पिअर्सन. धंद्याने वृत्तपत्रमालक, लंडनचे ‘डेली एक्स्प्रेस’ त्यानेच १९०० साली काढले. पुढे काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. लोकांच्या खिशात हात घालण्याची वृत्तपत्रवाल्याची हातोटी त्याच्यापाशी पुरेपूर होती, आणि ती त्याने सारी या शिपायांसाठी राबवली. हे मोठेच काम म्हटले पाहिजे.

रीजंट्स पार्कमधला एक प्रशस्त बंगला ऑटो कान या अमेरिकन सावकाराने त्याला वापरायला दिला. बंगल्याचे नाव सेंट डनस्टन्स. ते पडले एका घड्याळावरून! फ्लीट स्ट्रीटवरच्या त्याच नावाच्या चर्चचे, दोन राक्षस सोट्याने घंटा वाजवतात असे सतराव्या शतकातले घड्याळ पूर्वीच्या मालकाने विकत घेऊन इथे आणले होते. (१९३५ साली ते पुन्हा चर्चवर गेले.) आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक शिपायाला पिअर्सन पहिली भेट देई तीही घड्याळाचीच, काटे बोटांनी चाचपून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची. किती वाजले, हे तरी कोणाला विचारावे लागू नये! खोल्यांतून सतरंजीसारखे पट्टे अंथरलेले असत. त्यांवर पाय ठेवला, की वाट मोकळी आहे असे खुशाल समजावे.

ब्रेल आणि टंकलेखन यांबरोबर तिथे निरनिराळे धंदे शिकवीत, आणि त्यांत सुतारकामही होते. पिअर्सनने शिकवायला शक्य तिथे अंध शिक्षकच नेमले. डोळस गुरू ‘तुला जमेल’ म्हणाला, तर शिष्य मनात म्हणणार, याला बोलायला काय जाते? तेच वाक्य अंध गुरूच्या तोंडून आले, की वाद मिटला.

आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतो. विलायती सुतार उभ्याने, बीचसारख्या कठीण लाकडाच्या जड मेजावर काम करतो. डोळस माणसाला ते मेज म्हणजे लाकूड ठेवण्याची जागा. अंध सुताराचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो. रंध्याच्या रेट्याने ते तसूभर सरकले, तर हाताला ठाऊक असलेल्या जागा चुकल्या. म्हणून ते वजनदार हवे. त्याचा माथा अगदी सपाट हवा, कारण तपासणी तिथेच व्हायची. रंधलेली फळी त्यावर ठेवून कोपरे एकेक करून दाबायचे. फळीला पीळ असेल तर ती डुलते आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. आपल्या सुताराचा उघडा डोळा जे सांगतो, ते इथे कान सांगतो. पेन्सिलीची रेघ बोटाला कळत नाही. म्हणून गुण्या लावून चाकूच्या टोकाने चीर पाडायची, म्हणजे नख तिच्यात अडकते आणि पटाशीची धारही तिच्यात बसते. मोजपट्टीवर आकड्यांऐवजी खाचा. करवत भरकटू नये म्हणून तिच्या बाजूला एक सरळ ठोकळा बांधायचा. आणि प्रत्येक हत्यार वापरून झाल्यावर आपल्याच जागी! आंधळ्याला निसर्ग सहावे इंद्रिय देतो म्हणतात. मला तर यात नीट लावलेली हत्यारे आणि चिकाटी एवढेच दिसते.

शिकणे पार पडले तरी खरी परीक्षा पुढेच होती. अंधाचा हात सावकाश चालतो. दुकानात यंत्रावरचा माल स्वस्त मिळतो. सुबक टेबल करून ते विकले गेले नाही, तर पुन्हा दयेचीच वाट. हे पिअर्सनने ओळखले होते. घरी गेलेल्या माणसाला कच्चा माल रास्त दरात पुरवायचा, जाणत्याने अधूनमधून घरी जाऊन त्याचे काम पाहायचे, तयार वस्तूंना गिऱ्हाईक शोधायचे, अशी व्यवस्था संस्थेने कायमची मागे ठेवली.

खुद्द पिअर्सनचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. हजाराहून अधिक अंधांना निर्धास्त पाऊल टाकायला शिकवणारा हा माणूस ९ डिसेंबर १९२१ रोजी आपल्याच न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि बुडून मरण पावला. संस्थेची धुरा इयन फ्रेझरकडे आली. त्याची दृष्टी १९१६ साली सॉमच्या रणात गेली होती, आणि तो याच शाळेचा विद्यार्थी.

असाच दुसरा विद्यार्थी न्यूझीलंडचा क्लूथा मॅकेन्झी. १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीला त्याचे डोळे गेले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर आपल्याकडचेही जवान दृष्टी गमावून परतू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी १९४३ साली डेहराडूनला सेंट डनस्टन्सचे वसतिगृह निघाले, आणि ते चालवायला आला तो हा मॅकेन्झी. १९५० मध्ये भारत सरकारने ते हाती घेऊन प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र केले. तोवर रीजंट्स पार्कमधला तो जुना बंगला उरलाही नव्हता.