काळ्यामुळे उजळलेले खवले

जपानी कोई माशांतला ओगोन अंगभर सोन्याचांदीसारखा झळकतो. सावाता आओकी यांच्या प्रदीर्घ पैदाशीतून १९४६-४७च्या सुमारास तो आकाराला आला. मात्सुबा या दुसऱ्या कोईची गोष्ट निराळी. त्याच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर काळसर छटा असते, म्हणूनच खवला न् खवला सुटा दिसतो. हीच किमया बिदर शहरात बिदरी कलेच्या कारागिरांनी काही शतके आधीच धातूवर साधली होती. दोहोंत देवाणघेवाण झाली असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण बिदरी पानदानावरचा मासा पाहताना लोक चांदीची वाहवा करतात, आणि माझ्या मते खरे श्रेय काळ्याचे आहे. पुष्कळ जस्त आणि थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्याला कारागीर आधी मोरचूद चोळतो, म्हणजे तात्पुरत्या काळ्या पृष्ठभागावर नक्षीच्या रेघा दिसतात. मग कलमाने खवल्याची एकेक कमान कोरायची, त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि सगळे घासून सपाट करायचे. या टप्प्यावर भांडे हाती घेतले तर चांदी आणि करडा धातू जवळजवळ सारखेच भासतात, मासा ओळखूही येत नाही. भांडे तापवून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळला की धातू गडद काळा होतो, चांदी तशीच राहते, आणि तेव्हा कुठे खवले उमटतात.

यावर कोणी म्हणेल, मग श्रेय मातीचे. बिदरच्या किल्ल्याशिवाय बिदरी नाही. हे अर्धेच खरे. लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबाद इथेही बिदरी घडत होती, तिथे हा किल्ला नव्हता. शिवाय नुसते जस्त या लेपाने असे काळे पडत नाही, त्यात तांबे लागतेच. म्हणजे काळेपणाचे बीज भट्टीतल्या मिश्रणातच पडलेले असते. तरीही माती दुय्यम ठरत नाही, कारण तिची पारख करावी लागते. बिदरचे कारागीर ती जिभेवर ठेवून क्षार जोखतात, आणि ही पारख बापाकडून मुलाकडे जाते. बिदरी हुक्क्यांची मागणी ओसरली, हैदराबाद संस्थान गेले, १९५६ साली जिल्ह्याचे तुकडे होऊन उदगीर-निलंगा एका राज्यात आणि हुमनाबाद-भालकी दुसऱ्यात गेले, तरी ही कला टिकली ती या पारखीमुळे. म्हणून २००६ साली बिदरीला मिळालेले भौगोलिक मानांकन मला रास्त वाटते. माती इतरत्रही मिळेल, पण जिभेवर ती ओळखणारी घरे बिदरमध्येच पिढ्यान्‌पिढ्या राबली आहेत.