माफी आणि सवलत

आजच्या दहावीचा मूळ पुरुष म्हणजे मुंबई विद्यापीठाची १८५९ सालची पहिली मॅट्रिक. विद्यार्थ्याला काय येते हे तपासायला ती निघाली, पण तपासण्याची रीत ठरवताना तिने एक विशिष्ट शरीरही गृहीत धरले: छापील कागद वाचणारे डोळे, तासन्‌तास बाकावर टिकणारी पाठ आणि घड्याळाच्या बरोबरीने धावणारा हात. नियमांत हे लिहायची कोणाला गरज वाटली नाही, कारण वेगळे शरीर परीक्षेला बसेल हे कोणाच्या मनातच नव्हते. शाळेतला खेळाचा तास आणि परीक्षेतली सोय हे दोन वेगळे प्रश्न आपण समजतो, पण दोन्ही निघतात ते शरीराच्या या विस्मरणातून.

महाराष्ट्रात शरीराच्या शिक्षणाची परंपरा नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. ती शाळेबाहेर होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने थेट बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्यात मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. एवढे वैभव दाराशी असताना शाळेत आला तो पीटीचा तास, आणि गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी त्याचाच. खेळाला दहावीत गुण मिळतात की, असे यावर कोणी म्हणेल. मिळतात, पण ते ठरावीक पातळीच्या स्पर्धांत चमकलेल्यांना. रोज संध्याकाळी आट्यापाट्या खेळून घामाघूम होणाऱ्या मुलाला त्यातले काही लाभत नाही. हे उत्तेजन पदकाला आहे, हालचालीला नाही.

ज्याचे शरीर ठरल्या मापाचे नाही, त्याला मैदानावर मिळाली ‘माफी’. कनवाळू वाटणाऱ्या या शब्दाने किती मुलांना वर्गात दप्तरे राखत बसवले असेल! या माफीला उत्तर मुंबईत दादरमध्येच सापडते. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली सुरू केलेल्या अंधशाळेतल्या, म्हणजे आजच्या कमला मेहता शाळेतल्या मुली मल्लखांब करतात. मल्लखांबाची सारी भिस्त पकडीवर, मांडीखाली लाकूड कसे लागते यावर असते, त्यामुळे तिथे डोळ्यांवाचून फारसे अडत नाही. फक्त शिकवणाऱ्याला आढी, म्हणजे पायांची पकड, दाखवता येत नाही, हाताला धरून बसवावी लागते. बदलावी लागली ती शिकवण्याची रीत, खेळ तोच राहिला.

परीक्षेतही नेमके हेच करायचे होते, पण त्याला उशीर लागला. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये रीतसर सोयी दिल्या: जादा वेळ, एखाद्या भाषेतून सूट, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. यातल्या सगळ्या सोयी एका जातीच्या नाहीत. जादा वेळ आणि लेखनिक यांनी प्रश्नपत्रिका तीच राहते, विषय बदलला की कसोटीच बदलते. म्हणून ‘हा इतरांवर अन्याय’ हा आक्षेप दुसऱ्या प्रकाराबाबत निदान ऐकून घ्यावा, पहिल्याबाबत तो टिकत नाही. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असेल तर बोटांचा वेग हा त्या विषयाचा भाग नव्हेच. खोट्या दाखल्यांची भीती खरी आहे, पण तिचा बंदोबस्त दाखला देणाऱ्या टेबलावर व्हावा, परीक्षेच्या बाकावर नव्हे. २०२१ मध्ये लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क चाळीस टक्के अपंगत्वाच्या रेषेला बांधता येणार नाही असे सांगितले. तरीही आपल्या तोंडी शब्द राहिला तो ‘सवलत’, जणू पदरचे काही देऊन टाकले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे दोन्ही धागे शेजारी शेजारी आले आहेत. सोळाव्या कलमात इतरांच्या बरोबरीने खेळण्याची संधी आहे, सतराव्यात परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक. सतराव्याचा परिणाम गुणपत्रिकेवर उमटतो, म्हणून त्यासाठी पालक डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करतात. सोळाव्याला गुण नाहीत. तिथे तसाच दाखला अजून माफीच्या अर्जाला जोडला जातो.