करवलीचे वय : बौद्ध विवाहसंस्कार आणि घरातील लहान मुले

विवाहसंस्काराच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः वधू-वर, विधी आणि विधिकर्ता या तिघांवर खिळलेले असते. मांडवात सर्वांत अधिक संख्येने वावरणारी लहान मुले मात्र कोणाच्या टिपणात येत नाहीत. वास्तविक आपल्या समाजात विवाहसंस्थेत जे परिवर्तन घडले, त्याची सर्वांत विश्वसनीय साक्ष त्या मुलांच्या उभे राहण्याच्या जागेतूनच मिळते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वधूच्या पाठीशी उभी असलेली आठ-नऊ वर्षांची करवली आणि बोहल्यावर उभी असलेली आठ-नऊ वर्षांची वधू यांच्यात एका पावलाचेच अंतर होते. ते अंतर कसे वाढत गेले आणि त्यात बौद्ध विवाहसंस्काराचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम 'करवली' या शब्दाकडे पाहू. करा म्हणजे पाण्याने भरलेले लहान पात्र. ते हाती घेऊन वधूच्या वा वराच्या मागे उभी राहते ती करवली, असा या शब्दाचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. वऱ्हाडात तिला कलवरी असेही म्हणतात. ती बहुधा धाकटी बहीण असते. वधूच्या धाकट्या भावाकडे वराचा कान पिळून मानाचे वस्त्र मिळविण्याचे काम असते. या दोन्ही भूमिकांना मंत्र लागत नाही, पुरोहितही लागत नाही. भावंडांचे नाते चारचौघांत दाखविण्याच्या या रीती आहेत. पुढे येणाऱ्या एका वादासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आता भायखळ्याच्या बाजाराकडे वळू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांचा विवाह तेथे झाला. त्याचे वर्ष काही चरित्रकार १९०६ मानतात, काही १९०८. माता रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, म्हणजे कोणतेही वर्ष धरले तरी वधूचे वय आठ ते दहा वर्षांच्या आत येते. मुंबईत विवाहासाठी कार्यालय घेण्याची ऐपत नव्हती. दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री त्याच छपराखाली लग्न लागले. एका कोपऱ्यात वराकडील मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडील. विक्रेत्यांचे दगडी ओटे बसण्यासाठी उपयोगी पडले आणि पायांखालून गटाराचे पाणी वाहत होते, असे वर्णन धनंजय कीर यांनी चरित्रात केले आहे. पहाटे बाजार भरण्यापूर्वी मंडळींना जागा मोकळी करावी लागली.

हा प्रसंग आपल्याकडे दारिद्र्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. दापोलीजवळच्या वणंद गावच्या या मुलीचे आईवडील लवकर गेले होते. तिला, तिची बहीण गौरा व भाऊ शंकर यांना नातलगांनी मुंबईस आणून सांभाळले होते. ज्या वयात दुसऱ्या कोणाच्या लग्नात करा धरून मिरवावयाचे, त्या वयात रमाई स्वतः वधू झाल्या. वर त्या वेळी शाळेत शिकत होता किंवा नुकताच मॅट्रिक झाला होता. पुढील सुमारे तीन दशकांचा संसार, त्यातील चार अपत्यांचे मृत्यू आणि २७ मे १९३५ रोजी झालेले रमाईंचे निधन हा इतिहास वाचकांना ज्ञात आहे. तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. सांगावयाचे ते एवढेच, की बालविवाह हा बाबासाहेबांच्या दृष्टीने ग्रंथातील विषय नव्हता. तो त्यांच्या घरातला होता.

हे ध्यानात घेतले म्हणजे ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी वाचलेल्या जातिविषयक निबंधाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह या तीन प्रथा अंतर्विवाह टिकविण्यासाठी, म्हणजेच जात टिकविण्यासाठी, उत्पन्न झाल्या, अशी मांडणी त्यांनी तेथे केली. मुलीला स्वतःची निवड करण्याचे वय येण्यापूर्वीच तिचा विवाह उरकला, की तिची निवड जातीबाहेर जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सुधारकांनी बालविवाहाचा विचार प्रामुख्याने आरोग्य, शिक्षण व वैधव्य या अंगांनी केला होता. बाबासाहेबांनी तो जातीच्या यंत्रणेचा भाग म्हणून दाखविला. पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने हे लिहिले, आणि त्याच्या घरी त्या वेळी अठरा वर्षांची पत्नी व लहानगा यशवंत होता.

यापूर्वीची एक पायरी महात्मा जोतीराव फुले यांची. त्यांचा स्वतःचा विवाह बालवयातच झाला होता. विवाहसमयी सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुरोहितावाचून विवाह लावण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. वधू-वरांनी एकमेकांस उद्देशून स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा करावी, ही त्या पद्धतीतील क्रांतिकारक गोष्ट होय. जिला बोललेले समजते तीच प्रतिज्ञा करू शकते. मंत्र दुसऱ्याने म्हणावयाचा असेल तर वधू पाळण्यातली असली तरी अडत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोकस्मृतीतही अशी एक कथा आहे. सिंदखेडच्या लखुजी जाधवांकडे रंगपंचमीच्या दिवशी बाल जिजाऊ व बाल शहाजी एकमेकांवर रंग उडवीत असता लखुजींच्या तोंडून सहज निघालेले थट्टेचे उद्गार मालोजींनी सोयरीक म्हणून धरले, असे बखरकार सांगतात. ही कथा ऐतिहासिक कसोटीवर कितपत टिकते हा निराळा प्रश्न आहे. मात्र खेळणाऱ्या मुलांवरून मोठ्यांनी सोयरीक ठरवावी, यात ती सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला काही वावगे वाटत नव्हते, हे त्यातून दिसतेच.

पालि साहित्यात या प्रश्नाचे काय दिसते? तथागतांच्या काळी बालविवाह नव्हताच, असे आपल्या व्याख्यानांतून कधीकधी सांगितले जाते. हे विधान पुराव्याला धरून नाही. भिक्खुनी विभंगातील पाचित्तिय नियमांत 'गिहिगता', म्हणजे गृहस्थाघरी गेलेली, विवाहित स्त्री, हिला बारा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी उपसंपदा देऊ नये, असा नियम आहे. अविवाहित 'कुमारिभूता'साठी मात्र वीस वर्षांची मर्यादा आहे. बारा वर्षे ही वयाची की विवाहानंतरची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर बारा वर्षांच्या आतील विवाहित मुली त्या समाजात होत्या, असेच मानावे लागते. आपल्या परंपरेचा गौरव करण्यासाठी हा पुरावा दडविण्याची आवश्यकता नाही. धम्माने त्या समाजाला काय सांगितले, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

सुत्तनिपातातील पराभव सुत्तात अधोगतीची कारणे सांगताना, तारुण्य ओलांडलेल्या पुरुषाने कोवळ्या मुलीला घरी आणणे, हे एक कारण म्हणून स्पष्टपणे गणले आहे. दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्त तर प्रत्येक बौद्ध विवाहमंडपात समजावून सांगावे अशा योग्यतेचे आहे. जातीच्या गर्वाने बोलणाऱ्या अम्बट्ठ या तरुणाला तथागत सांगतात की, जातिवाद आणि गोत्रवाद यांची भाषा निघते ती जेथे आवाह आणि विवाह चालतो तेथे. विद्या आणि आचरण यांच्या क्षेत्रात तिला स्थान नाही. आवाह म्हणजे दुसऱ्याची कन्या आपल्या घरी आणणे, विवाह म्हणजे आपली कन्या दुसऱ्या घरी देणे. जातीचे मूळ सोयरिकीत आहे हे निदान येथे आहे, आणि १९१६ च्या निबंधाशी त्याचे साम्य विलक्षण आहे.

तिसरे स्थळ अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातातले. भद्दिय नगरात मेण्डकाचा नातू उग्गह याने तथागतांना भोजनास निमंत्रित केले आणि आपल्या घरच्या कुमारिका आता पतिकुलात जाणार आहेत, त्यांना उपदेश करावा, अशी विनंती केली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तथागतांनी विवाह लावला नाही. त्यांनी मुलींशी संवाद केला. लवकर उठावे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, लोकर व कापूस यांच्या कामात निपुण व्हावे, घरातील सेवकांची व आजाऱ्यांची काळजी घ्यावी, मिळकत जपावी, असा तो उपदेश आहे. त्यावर त्याच्या काळाची छाप आहे हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच तो एकटा वाचू नये. सिगालोवाद सुत्तात पतीचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती देणे यांचा समावेश आहे. तथापि मुलींना समोर बसवून, त्यांना उद्देशून बोलणे, ही उग्गहाच्या घरातील गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

भिक्खूने सोयरीक जुळविणे हा विनयानुसार संघादिसेसाचा अपराध होय. त्यामुळे बौद्ध परंपरेत विवाह हा गृहस्थांनी गृहस्थांच्या साक्षीने करावयाचा करार राहिला. आपल्याकडे तो बौद्धाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली होतो, याचे मूळ येथे शोधता येते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे आणि ती पेलण्याचे सामर्थ्य आल्यावाचून ती त्यांच्यावर लादू नका, या आशयाचे मार्गदर्शन बाबासाहेबांनी तेथे केले. पत्नीने पतीशी मैत्रिणीच्या नात्याने, बरोबरीने वागावे, असेही ते म्हणाले. वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांपुढे हे सांगितले गेले. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला होता आणि त्यात मुलीचे वय चौदा धरले होते. परंतु या स्त्रियांवर कायद्याच्या कलमापेक्षा त्या भाषणाचा परिणाम अधिक झाला, असे माझे मत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विवाह कसा लावावा, हा प्रश्न तातडीचा झाला. महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी त्याचे उत्तर दिले. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये स्टुलावर मातीचे नवे मडके ठेवून ते पाण्याने काठोकाठ भरावे, पाण्यात सुताचा धागा सोडून त्याचे एकेक टोक दोघांनी धरावे, कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे, दोघांनी शुभ्र वस्त्रे परिधान करावीत. श्रीलंकेतील परित्तपाठात पाण्याचा घट आणि सूत असते आणि ते सूत उपस्थितांच्या हातांतून फिरते. १९५० मध्ये बाबासाहेब त्या देशात जाऊन आले होते. त्या विधीची आठवण या रचनेमागे असावी, असे मला वाटते.

या विधीत एक मूक अट आहे. धागा दोघांनी स्वतः धरावयाचा आहे आणि पुढे रूढ झालेल्या पद्धतीनुसार प्रतिज्ञाही दोघांनी स्वतः म्हणावयाच्या आहेत. मांडीवर बसवून, पाटावर झोपेतून उठवून ज्यांचे लग्न लावता येते अशा मुलांना या संस्कारात जागाच उरत नाही. दुसरीकडे मंगलसुत्तात आईवडिलांच्या सेवेबरोबर 'पुत्तदार' यांच्या 'सङ्गहा'चा, म्हणजे मुलांना व पत्नीला सांभाळून घेण्याचा, समावेश उत्तम मंगलांत केलेला आहे. मुलांचा उल्लेख आहे तो सांभाळण्याच्या संदर्भात.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तेथील विवेकानंद जन्मोत्सवाच्या महापंगतीमुळे सर्वदूर परिचित आहे. तेथे आप्तांच्या घरच्या एका बौद्ध विवाहास उपस्थित असता, करवलीवरून झालेला वाद मी ऐकला. वधूच्या मागे सात आणि दहा वर्षांच्या दोन मुली नवे झगे घालून उभ्या होत्या. एका तरुण कार्यकर्त्याने आक्षेप घेतला की, ही हिंदू रीत आहे, बावीस प्रतिज्ञांशी विसंगत आहे, मुलींना खाली बसवावे. त्यावर वधूची आजी म्हणाली, "उभी राहू द्या पोरीले. ते काय कोन्या देवाची पूजा करू राहिली?" बौद्धाचार्य समंजस होते. त्यांनी मांडवातील सगळ्याच मुलांना पुढे बोलावले आणि त्रिसरण-पंचशील त्यांच्याकडून म्हणवून घेतले. वराच्या बहिणीचा चार-पाच वर्षांचा मुलगा 'वेरमणी' शब्दावर दर वेळी अडखळत होता आणि दर वेळी सर्वांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत होता.

तरुणाचा आक्षेप मी हलका समजत नाही. गेल्या काही वर्षांत हळदीचे सोहळे, मुहूर्त, अक्षता, मिरवणुकीचा खर्च हे सर्व आपल्या मांडवात मागच्या दाराने परत येत आहे आणि त्याविषयी दक्ष राहिलेच पाहिजे. परंतु कोणती रीत टाकावी याची कसोटी आजीबाईंनी अचूक सांगितली. जी रीत देव, पुरोहित, मुहूर्त किंवा जात यांच्या आधाराने उभी आहे, ती जावी. जी केवळ बहिणीने बहिणीच्या पाठीशी उभे राहण्याची आहे, ती का जावी? करवलीच्या हातातील करा आणि मध्यभागी ठेवलेले पाण्याचे मडके यांचा मेळही सहज बसतो. ते मडके भरण्याचे काम करवलीकडे द्यावे, अशी माझी सूचना आहे.

त्याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट आहे, पण पाचांत एक हे प्रमाण उरतेच, आणि त्यात आपली घरे नाहीत असे समजणे ही आत्मवंचना होईल. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत वयात येणारी मुलगी मागे कोठे ठेवावी, ही चिंता लग्नाचे कारण होते. नववी-दहावीत शाळा सुटलेल्या मुलीची तीच गत होते. हुंडा लहान वयात कमी पडतो, हा हिशेबही असतो. अशा लग्नांत बुद्धमूर्ती असते, शुभ्र वस्त्रे असतात, मंगलसुत्तही म्हटले जाते.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण नसता विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात बौद्धाचार्य अपवाद नाहीत. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. परंतु मडके मांडण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला पाहण्यासाठी ग्रामसेवकाची वाट पाहण्याचे कारण नाही. दाखला मागितल्याने घरातील वडीलधारे रागावतात, सोयरे दुखावतात, दक्षिणा बुडते, असे काही बौद्धाचार्यांनी मला सांगितले. दाखला पत्रिका छापण्यापूर्वी, सोयरीक ठरते त्याच बैठकीत मागावा, म्हणजे मांडवात अपमानाचा प्रसंग येत नाही, असे त्यांच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांचे म्हणणे पडले. ते स्वतः पुष्कळ वर्षे तसेच करीत आले आहेत.