दुसरी किल्ली



कुलूप आणि किल्ली हे शब्द आपण एका श्वासांत उच्चारतों. त्यांपैकीं 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला, आणि किल्लीलाच आपण जी 'चावी' म्हणतों ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली. वस्तु मात्र ह्या शब्दांहून फार जुनी आहे. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं ईजिप्तमध्यें लाकडी कुलुपें होतीं. त्यांत वरून खुंट्या पडत, आणि दातेरी किल्लीनें त्या उचलल्या म्हणजे अडसर सरके. अमेरिकेंतील लायनस येल ह्या कारागिरानें १८६१ सालीं ज्या कुलुपाचें पेटंट घेतलें, त्यांतील तत्त्व हेंच होय. आणि आज शहरांतील कित्येक बिऱ्हाडांच्या दारांवर तेंच कुलूप आहे.

इतक्या जुन्या वस्तूविषयीं आज बोलण्याचें कारण असें कीं, मोटारीची किल्ली हरवणें हें आतां घरांतील एक लहानसें अरिष्ट होऊन बसलें आहे. रस्त्याच्या कडेला बसणारा किल्लीवाला जें काम कानशीनें घासून अर्ध्या तासांत करून देई, त्यासाठीं हल्लीं हजारांनीं रुपये मोजावे लागतात आणि कित्येकदां अनेक दिवस वाट पाहावी लागते. ह्यांत संरक्षणाचें मोल किती आणि अडवणूक किती, हें समजून घ्यावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

अकोला जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याजवळ, तेल्हारा तालुक्यांत हिवरखेड नांवाचें मोठें गांव आहे. वऱ्हाडांतील अशा गांवांतून जुन्या वाड्यांच्या दारांना आंतून अडसर आणि बाहेरून कडी-कोयंडा असे. कुलुपाची किल्ली हरवली तर गांवचा लोहार कुलूप खोलून त्याच्या मापाची दुसरी घडवून देई. त्यासाठीं कुलूप करणाऱ्याची अनुज्ञा लागत नसे. कुलूप कोणाचें आहे हें लोहाराला ठाऊक असे, आणि ही ओळख हीच सुरक्षिततेची हमी होती. म्हणजे दुसरी किल्ली करण्याचा अधिकार मालकापाशीं होता, आणि विद्या त्याच्या शेजाऱ्यापाशीं.

शहरें वाढलीं, माणसें एकमेकांस अनोळखी झालीं, आणि ही हमी सरली. मग कुलुपालाच हुशार करणें प्राप्त झालें. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा ह्यानें १७८४ सालीं नव्या धर्तीच्या कुलुपाचें पेटंट घेतलें, आणि पुढें लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील आपल्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडून, तें किल्लीवांचून उघडणाऱ्यास दोनशें गिनी देण्याचें जाहीर केलें. १८१८ सालीं जेरेमाया चब ह्यानें असें कुलूप काढलें कीं, कोणीं खोटी किल्ली चालवल्यास आंतील एक पट्टी अडकून राही आणि मालकाला त्याचा पत्ता लागे. ह्या दोन कुलुपांवर इंग्रज व्यापारी निर्धास्त झोंपत असत. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाचा एक अमेरिकन तेथें आला. त्यानें चबचें कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलें, आणि ब्रामाचें कुलूप सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून उघडलें.

त्यानंतर मोठा वाद माजला. कुलुपाचे दोष चारचौघांत सांगणें म्हणजे चोरांना शिकवणें, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. हॉब्जचें उत्तर असें होतें कीं, चोरांना हें ज्ञान आधींच असतें. तें नसतें तें भल्या माणसांना. हा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि मोटारीच्या किल्लीपाशीं तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्या मुंबईंत कुलुपांचा उद्योग आर्देशीर गोदरेज ह्यांनीं १८९७ सालीं लालबाग भागांत एका लहानशा जागेंत सुरू केला. हे गृहस्थ मुळांत वकील. शहरांतील घरफोड्यांविषयीं वृत्तपत्रांत वाचून ते ह्या धंद्याकडे वळले असें सांगतात. त्यांनीं काढलेल्या 'गॉर्डियन' कुलुपाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे. त्याला दोन किल्ल्या असत. दोहोंनींहि कुलूप उघडे. परंतु त्यांतील एकीनें आंतील रचना अशी बदलतां येई कीं दुसरी किल्ली निकामी व्हावी. एक किल्ली नोकराच्या हातीं देऊन तिच्यावरील सत्ता स्वतःच्या खिशांत ठेवण्याची ही युक्ति होती. कुलूप कारखान्यांत झालें, तरी अखेरचा शब्द मालकाचाच राहिला.

आतां मोटारीकडे वळूं. प्रारंभीं मोटारीच्या किल्लीला फारसें महत्त्व नव्हतें. ती विजेचा प्रवाह चालू-बंद करी, आणि इंजिन सुरू करण्यासाठीं हातानें दांडा फिरवावा लागे किंवा निराळी कळ दाबावी लागे. किल्ली फिरवतांच इंजिन सुरू व्हावें ही सोय अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९४९ सालीं आणली. आपल्याकडील अॅम्बॅसडर काय किंवा कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी काय, त्यांची किल्ली म्हणजे खांचा पाडलेली पितळेची वा पोलादाची पट्टीच होती. कोऱ्या किल्लीवर त्याच खांचा पाडल्या कीं काम झालें. अर्थात् ही सोय चोरालाहि तितकीच खुली होती.

चोऱ्या वाढल्या तेव्हां कारखानदारांनीं किल्लींत आकाराखेरीज आणखी एक खूण घातली. १९८६ सालीं जनरल मोटर्सनें आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत विजेला ठराविक रोध करणारा एक मणि बसवला. अशा मण्यांचे प्रकार पंधरा होते. गाडीला अपेक्षित असलेला रोध जुळला तरच इंजिन चाले. पंधरा हा आंकडा लहान होता, म्हणून पुढच्या दशकांत चिप आली. किल्लीच्या मुठींत तांदुळाच्या दाण्यापेक्षां थोडीशी मोठी अशी ही चिप असते, आणि तिला बॅटरी लागत नाहीं. किल्ली घरांत घालतांच भोंवतालच्या तारेच्या वेटोळ्यांतून तिला शक्ति मिळते व ती आपली खूण सांगते. नंतरच्या गाड्यांत ह्याहून सावध व्यवस्था झाली. गाडी प्रत्येक वेळीं एक नवा आंकडा पुढें टाकते, चिप आपल्या पोटांतील गुप्त संख्येच्या साह्यानें त्याचें उत्तर काढते, आणि उत्तर बरोबर आलें तरच इंजिनाला चालण्याची मोकळीक मिळते. युरोपीय संघानें १९९५ च्या निर्देशानें ही व्यवस्था, जिला इमोबिलायझर म्हणतात, ती सक्तीची केली. १९९८ च्या ऑक्टोबरपासून तेथील प्रत्येक नव्या मोटारींत ती असणें भाग झालें.

ह्याचा लाभ खरा आहे, आणि तो मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे. नेदरलँड्समधील मोटारचोऱ्यांचा अभ्यास करून दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, १९९५ ते २००८ ह्या काळांत इमोबिलायझरमुळें चोऱ्यांचें प्रमाण सरासरीनें सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें. शिवाय हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या स्मरणांतून पुसून टाकतां येते, म्हणजे ती कोणाला सांपडली तरी तिनें इंजिन चालत नाहीं. गॉर्डियन कुलुपाचाच हा नवा अवतार होय. पण त्यांत एक मोठा फरक आहे. ती सत्तेची किल्ली आतां मालकाच्या खिशांत उरलेली नाहीं.

किल्लीच्या बिलाचें पृथक्करण केलें म्हणजे हें स्पष्ट दिसतें. पट्टींत खांचा पाडण्याचें मोल आजहि थोडेंच आहे. चिपेचें मोल बेताचें आहे. खरा खर्च तिच्यापुढें सुरू होतो. नव्या चिपेची ओळख गाडीला करून द्यावी लागते. ह्यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्यासाठीं गाडीशीं जोडण्याचें तपासणीयंत्र लागतें, आणि बहुधा त्या विशिष्ट गाडीचा गुप्त संकेतांकहि लागतो. तो कंपनीच्या दप्तरांत असतो, आणि मालकी सिद्ध केल्यावर अधिकृत विक्रेत्यामार्फत मिळतो.

हिवरखेडच्या एखाद्या शेतकऱ्याची एकुलती एक किल्ली ऐन हंगामांत हरवली, अशी कल्पना करा. गाडी अंगणांत उभी आहे, कागदपत्रें घरांत आहेत, सारें गांव त्याला ओळखतें. परंतु गाडी त्याला ओळखत नाहीं. किल्लीच नसल्यामुळें गाडी चालवत नेतां येत नाहीं. ती दुसऱ्या वाहनावर चढवून अकोटमार्गें अकोल्यास न्यावी, नाहीं तर तेथील कारागिराला यंत्रासह बोलवावें. किल्लीच्या किंमतींत आतां वाहतूक मिळाली, आणि बुडालेले दिवस मिळाले ते निराळेच. शहरांतल्या माणसाला जी गैरसोय वाटते, ती खेड्यांतल्या माणसाला शिक्षा होते. तो पैसे मोजतो ते धातूचे नव्हेत, ते अंतराचे होत. आणि हें अंतर कोसांचें आहे तसेंच ज्ञानाचेंहि आहे.

असें व्हावयालाच हवें होतें काय? युरोपांतील फियाट कंपनीनें पहिल्या इमोबिलायझरच्या गाड्यांबरोबर मालकाला एक तांबडी किल्ली दिली होती. तिच्यायोगें नव्या किल्ल्यांची नोंद करतां येई. ती हरवली तर मात्र इंजिनाचा नियंत्रक बदलण्याची पाळी येई, इतकी ही योजना कठोर होती. तरी तिनें अधिकार मालकाच्या हातीं ठेवला होता. अमेरिकेंत फोर्डच्या कांहीं गाड्यांना दोन चालू किल्ल्या दाखवल्या कीं तिसरीची नोंद मालकाला स्वतः करतां येई. तात्पर्य, संरक्षण आणि मालकाचा अधिकार ह्यांत स्वभावतःच वैर आहे असें नाहीं.

गुप्ततेनें सुरक्षितता वाढते हा युक्तिवादहि तपासून पाहिला पाहिजे. मोटारींच्या किल्ल्यांतील एका चिपेची दुर्बलता तीन संशोधकांनीं दाखवली तेव्हां फोक्सवॅगन कंपनीनें २०१३ सालीं इंग्लंडच्या हायकोर्टाकडून त्यांच्या लेखाच्या प्रकाशनाला मनाई मिळवली. तो लेख २०१५ सालीं, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. हॉब्जचा वाद दीडशें वर्षांनीं पुन्हा उभा राहिला, तो असा.

आपल्या देशांत ह्या प्रश्नाची दुसरी बाजू पुढें आली. शमशेर कटारिया ह्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं निर्णय दिला कीं, सुटे भाग आणि तपासणीयंत्रें स्वतंत्र कारागिरांना मिळूं न देणें हा स्पर्धेच्या कायद्याचा भंग होय. चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड झाला. पुढें २०१६ सालीं अपिलांत फोर्ड, निस्सान आणि टोयोटा ह्यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम राहिला, परंतु दंड पुष्कळ कमी करण्यांत आला. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें, आणि त्याच्या कक्षेंत मोटारीहि घेतल्या. संकेतस्थळावर माहिती मिळते; गांवच्या कारागिराला यंत्र आणि संकेतांक मिळवून देणें हें त्याच्या पुढचें पाऊल आहे.

तोंपर्यंत प्रत्येक घरानें कांहीं गोष्टी अवश्य कराव्या. एक किल्ली चालू आहे तोंच दुसरी करून घ्यावी, कारण सर्व किल्ल्या हरवल्यानंतरचें काम अधिक अवघड व अधिक महाग होतें. जुनी गाडी विकत घेतांना दोन्ही किल्ल्या आणि संकेतांकाची पट्टी मागून घ्यावी, व आधींच्या किल्ल्यांची नोंद पुसून घ्यावी. किल्ली हरवल्याची वर्दी पोलिसांत द्यावी, कारण पुढें गाडी चोरीस गेली तर विमा कंपन्या सामान्यतः सर्व मूळ किल्ल्या मागतात.

वाड्याच्या कुलुपाचा मालक आणि मोटारीचा मालक ह्यांनीं पैसे सारखेच मोजलेले असतात, आणि वस्तु दोघांच्याहि दारांत असते. पहिल्याला दुसऱ्या किल्लीसाठीं गांवाबाहेर जावें लागत नव्हतें. चोराला रोखतांना धन्यालाहि परका करूं नये, एवढीच मागणी आहे, आणि ती आतां कारागिरांनीं नव्हे, तर कायद्यानें पुरी करावयाची आहे.